हेडमास्तरांचं ओलं फडकं

सत्तरीकडे झुकलेला माणूस चार पायांवर धावू शकतो असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी ते पाहिलं. शेवटचा तास संपला होता, वर्कशॉपला कुलूप घालून मी कॉरिडॉरमध्ये आलो, तर समोरून एक पांढऱ्या केसांचं डोकं जमिनीलगत माझ्या दिशेनं येत होतं. त्यामागे वर उचललेलं बूड, आणि दोन्ही तळव्यांखाली दाबून धरलेलं ओलं फडकं. मी भिंतीला चिकटलो. ते माझ्या बुटांजवळून सर्रकन गेले, टोकाला पोचले, फडक्याची घडी उलटी केली आणि तसेच धावत परत आले. मग उभे राहून, धापा टाकत, त्यांनी मला कमरेत वाकून नमस्कार केला. जणू पराक्रम मीच केला होता.

आमची तांत्रिक प्रशिक्षण संस्था जुबैलहून रास अल खैरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. समुद्राचं पाणी गोडं करणारे मोठे प्रकल्प त्या बाजूला आहेत, त्यांच्यासाठी इथे सौदी मुलं तयार होतात. शाळा संपवून आलेली, नुकती मिसरूड फुटलेली, बापाची किंवा थोरल्या भावाची गाडी घेऊन येणारी मुलं. मी त्यांना पंप शिकवतो. मी रत्नागिरीकडच्या खेड तालुक्यातला, आडनाव मुकादम, आणि इथे सगळ्यांचा मुकादमसर. जपानी भागीदारांकडून ‘कामाची शिस्त’ शिकवायला तज्ज्ञ येणार असं आम्हाला कळलं, तेव्हा कुणीतरी कडक इंजिनिअर येईल म्हणून आम्ही कपाटं आवरून बसलो. आला तो डोंगरातल्या एका प्राथमिक शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा एक जुना विद्यार्थी प्रकल्पावर इंजिनिअर होता, त्यानं नाव सुचवलं होतं. पंप आणि कंप्रेसर यातला फरक त्यांना शेवटपर्यंत कळला नाही, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. पोरं त्यांना ‘सेन्सेई’ म्हणत, म्हणजे गुरुजी. मी हेडमास्तर म्हणायचो. या शब्दामागे आमच्याकडे टोपी, धोतर, छडी आणि दरारा असं सगळं येतं, हे मी त्यांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, “छडी सोडून बाकी चालेल. धोतर मात्र शिकवावं लागेल.”

सकाळी ते फाटकावर उभे राहायचे. वाळवंटातला वारा अंगात वाळू भरत असो किंवा जूनमधली ती सकाळपासूनच भाजणारी हवा असो, हेडमास्तर पांढरा सदरा घालून फाटकाच्या उजव्या अंगाला उभे. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाकून नमस्कार. या गाड्यांच्या काचा काळ्या असतात, आत कोण आहे ते दिसत नाही. मी एकदा म्हणालो, “हेडमास्तर, तुम्ही गाडीला नमस्कार करताय. आतला पोरगा मोबाईल बघत असतो.” ते म्हणाले, “असू दे. तो बघत नसला तरी मी आलो आहे, हे गाडीला कळतं.” पहिला महिना काचा वरच राहिल्या. मग एक खाली झाली, मग आणखी काही. पावसाळा नसलेल्या या मुलखात ऋतू बदललेला असा कळत नाही, पण त्या वर्षी हिवाळा लागेपर्यंत सगळ्या काचा खाली यायला लागल्या होत्या आणि आतून ‘ओहायो सेन्सेई’, म्हणजे सुप्रभात गुरुजी, असा गलका बाहेर पडायचा. आमचा एक दणकट पोरगा, फैसल, गाडी थांबवून खाली उतरायचा, वाकायचा आणि मगच पार्किंगकडे जायचा. त्याच्यामागे गाड्यांची रांग लागून हॉर्न वाजायचे ते वेगळं.

जेवणाची तऱ्हा याहून न्यारी. जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास हेडमास्तर मेसमध्ये जाऊन त्या दिवशीचा प्रत्येक पदार्थ थोडा थोडा खाऊन बघत, आणि मग घड्याळाकडे पाहत गप्प बसून राहत. आमचा आचारी केरळचा, हाताला चव असलेला आणि तितकाच मानी. त्याला वाटलं हा म्हातारा आपल्यावर पाळत ठेवतोय. दोन दिवस त्यानं भातात मुद्दाम मिरची वाढवली. तिसऱ्या दिवशी मी मध्ये पडलो. तेव्हा कळलं की जपानी शाळेत मुलांचं जेवण मुख्याध्यापकानं आधी खाऊन बघायचं असा रिवाजच आहे. “मला काही झालं नाही, तर मुलांना वाढायचं,” हेडमास्तर शांतपणे म्हणाले. “आणि झालं तर?” मी विचारलं. “तर उपमुख्याध्यापकाला बढती.” हे आचाऱ्याला मी हिंदीत सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि मग गंभीर झाला. दुसऱ्या दिवसापासून हेडमास्तरांची ताटली वेगळी काढून ठेवलेली असायची, वर झाकण, बाजूला लिंबू.

आता फडक्याकडे येतो. हेडमास्तरांचा मुख्य विषय तोच होता.

शेवटच्या तासानंतर पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून वर्ग, कॉरिडॉर आणि जिना साफ करायचा, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. पोरं एकमेकांकडे बघून हसली आणि दप्तरं उचलून गेली. त्यांच्या दृष्टीनं झाडू-पोछा हे बाहेरून आलेल्या माणसांचं काम. घरी ड्रायव्हर असतो, स्वयंपाकाला बाई असते, इथे क्लीनर असतो. फैसल तर सरळ म्हणाला, “सेन्सेई, त्यासाठी माणूस आहे ना.” हेडमास्तरांनी मान डोलावली, बाह्या सरसावल्या आणि एकट्यानं कॉरिडॉर पुसायला घेतला. मी भिंतीला चिकटलो तो हाच दिवस. फडकी त्यांनी स्वतः शिवली होती, गेस्ट हाऊसच्या जुन्या टॉवेलांची, दुहेरी, मध्ये तिरपे टाके घालून. पूर्वी त्यांच्याकडे प्रत्येक आई वर्ष सुरू होताना मुलाला असं फडकं शिवून द्यायची. मग आया नोकरीला जायला लागल्या आणि फडकी दुकानात तयार मिळायला लागली. “मी कधी भेद केला नाही,” ते म्हणाले, “पण हाताला कळायचं. आणि कुणाच्या घरी शिवायला कुणी उरलं नाही तेही कळायचं.”

कित्येक दिवस ते एकटेच पुसत होते. पोरं त्यांच्यावरून उड्या मारून जायची. मला वाईट वाटे आणि थोडा रागही येई, की या वयात हा तमाशा कशाला? मग एक दिवस फैसलनं पैज लावली की म्हाताऱ्याला मी हरवीन. वर्कशॉपच्या डांगरीचे पाय दुमडून तो उतरला आणि अर्ध्या वाटेत तोंडावर आपटला. ओल्या फडक्यावर भार टाकून धावणं सोपं नसतं, मांड्या भरून येतात. हेडमास्तर टोकाला जाऊन वळून परत आले आणि त्याच्या गुडघ्याला फुंकर घालायला बसले. पोरांनी असा काही आरडाओरडा केला की मुदीर, म्हणजे आमचे सौदी संचालक, केबिनमधून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी फैसलसोबत चौघे होते. महिन्याभरात पंधरा मिनिटांच्या त्या तासाला कुणी दांडी मारेना. पंपाच्या तासाला मारत, त्याला मारत नसत. हे लिहिताना मला आजही जरा झोंबतं.

शुक्रवारी दुपारची नमाज आणि जेवण झालं की मी त्यांच्या क्वार्टरवर जात असे. ते हिरवा चहा द्यायचे, मी बरोबर खजूर न्यायचो. बोलणं आमच्या दोघांच्या मोडक्या इंग्रजीत. त्यांची शाळा बंद झाली होती. ते रुजू झाले तेव्हा मैदान मुलांना पुरत नव्हतं, आणि शेवटच्या वर्षी दोनच विद्यार्थी होते, तीही सख्खी भावंडं. दोघांत धावण्याची शर्यत कशी लावायची, शाळेचं गाणं दोघांनी कसं म्हणायचं? शिक्षक गायला उभे राहायचे, मग जरा आवाज भरायचा. गावात लग्नं होत नव्हती, झालेली जोडपी शहराकडे जात होती, नवे शिक्षक रात्री उशिरापर्यंत कामात गाडलेले राहून वर्षा-दोन वर्षांत नोकरी सोडत होते. “शाळेचं दार मीच बंद केलं,” ते म्हणाले. “मुख्याध्यापकाचं काम. किल्ली मी फिरवली.”

मी त्यांना आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं सांगितलं. दर शनिवारी आम्ही मुलं वर्ग सारवायचो. तीही शाळा पटसंख्येअभावी बंद पडली, कारण आमच्यासारखे आखातात आले आणि पोरांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवू लागले. हेडमास्तरांना सारवण्याचा भारी आनंद झाला. शेण म्हणजे काय हे हातवारे करून सांगताना माझी पुरेवाट झाली. मग त्यांनी विचारलं, “सगळी मुलं सारवायची? आळीपाळीनं?” मी चहाचा घोट घेतला. शेण आणायला कुणाला पाठवत, पाणी कोण भरी, आणि नुसत्या काठ्या हातात घेऊन देखरेख कोण करी, हे आमच्याकडे न सांगता ठरलेलं असे. मी म्हणालो, “म्हणायला आळीपाळीनं.” त्यांनी माझा कप भरला.

एका शुक्रवारी त्यांनी एका मुलाची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे आता कितीतरी मुलं शाळेत येईनाशी होतात. आजारी नसतात, उनाड नसतात, नुसती सकाळी दाराबाहेर पाऊल टाकू शकत नाहीत. “पूर्वी आम्ही घरी जाऊन ओढून आणायचो,” हेडमास्तर म्हणाले. “त्याला माया म्हणायचो. मी स्वतः ओढलंय.” त्यांच्या शाळेतला एक मुलगा असाच खोलीत बसला. या वेळी त्यांनी ओढलं नाही. ते दर बुधवारी त्याच्या घरी जायचे, बंद दाराबाहेर बसायचे आणि त्या दिवशी शाळेत जेवायला काय होतं तेवढं सांगून परत यायचे. आज मासा होता. आज रस्सा जरा खारट झाला. शाळेत ये, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. बरेच महिने असे गेल्यावर एका दुपारी तो मुलगा आला. वर्गात नाही आला. सफाईच्या वेळी आला, फडकं घेतलं, कॉरिडॉर पुसला आणि घरी गेला. पुढे रोज तेवढ्यासाठीच यायचा.

“वर्गात कुणी पहिला असतो, कुणी शेवटचा,” हेडमास्तर म्हणाले. “परीक्षेत तर असतोच. फडक्याला पहिला-शेवटचा नसतो. माझी शाळा गेली, मुकादमसान, पण ही पंधरा मिनिटं मला कुणीकडे तरी ठेवून जायची आहेत. त्यासाठीच मी इतक्या लांब आलो.”

तो मुलगाच पुढे इंजिनिअर होऊन आमच्या शेजारच्या प्रकल्पावर आला होता. हे त्यांनी उठताना सांगितलं, सहज, कप विसळता विसळता.

आमच्या इमारतीत क्लीनर होता हसनचाचा. श्रीवर्धनकडचा, पन्नाशी उलटलेला, वर्षानुवर्षं एका ठेकेदार कंपनीच्या इकाम्यावर, म्हणजे निवासपरवान्यावर. आम्ही दोघे एकटे असलो की कोकणीत बोलायचो. मला वाटत होतं की पोरांनी हात लावल्यामुळे त्याचं ओझं हलकं झालं असेल. पण तो दिवसेंदिवस आंबट होत चालला होता. बादल्या गायब व्हायच्या. साबण संपलेला असायचा. एकदा तर स्टोअरला कुलूप घालून तो चहाला निघून गेला, आणि हेडमास्तरांनी पोरांकडून पिण्याच्या पाण्यानं लादी पुसून घेतली. मी चाचाला दटावलं तर म्हणाला, “तुमाला काय जाता सांगायला.”

मग तो माझ्या क्वार्टरवर आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच उभा राहिला.

“मुकादमसर, कंपनीनं मना खुरूज लावलान,” तो म्हणाला. खुरूज म्हणजे कायमचा परतीचा शिक्का. “सुपरवायझर बोलला, तुज्या बिल्डिंगीत आता पोरा साफ करतात, मंग तू कशाला हवास? खरा हाय त्याचा. मी रोज बघतंय, लादी चकाचक. मी करावचा काय?”

“दुसऱ्या बिल्डिंगला घालतील ना.”

“या वयात? पन्नाशीच्या मानसाला कोन घेनार? धाकटी अजून बारावीला हाय.” त्यानं चौकटीला हात टेकवला. “त्यो म्हातारा वाईट नाय. रोज वाकून सलाम करतो मना. सलाम करतो आनि माजा काम घेऊन जातो.”

एवढे महिने मी ती सफाई बघत होतो, कौतुक करत होतो, घरी फोनवर सांगत होतो. हे मला दिसलं नव्हतं. आणि हेडमास्तरांना तर दिसण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्या देशात मुलांनी शाळा पुसली म्हणून कुणाची चूल विझत नसे.

त्याच संध्याकाळी मी त्यांना सांगितलं. ते शिवत होते, आणखी एक टॉवेल. ऐकता ऐकता सुई टोचायची थांबली. मग त्यांनी विचारलं, “हसनसानना किती दिवसांपासून माहीत आहे?”

“आजच कळलंय. पण भीती पहिल्या दिवसापासून असणार.”

“म्हणून बादल्या नव्हत्या,” ते म्हणाले. “मला वाटलं तो विसरतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मुदीरांकडे गेलो, अरबीसाठी मी. मुदीर भला माणूस. त्यांनी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला आणि सफाईचं कौतुक करायला लागले. वरून आलेले पाहुणे बघून गेले होते, फोटो काढून नेले होते, आणखी संस्थांत हेच सुरू करायचं चाललं होतं. हेडमास्तरांनी हसनचाचाचं सांगितलं तेव्हा मुदीरांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. पण क्लीनर ठेकेदाराचे, ठेका लादीचा. लादी साफ असेल तर ठेकेदार माणूस का ठेवील? हेडमास्तर म्हणाले, त्याला मुलांचा शिक्षक करा, त्यांना पुसायला शिकवील. मुदीर ओशाळून हसले. असं पद नव्हतं. दुसरी काही जागा? नव्हती. शेवटी मुदीर म्हणाले, “सेन्सेई, तुम्ही सफाई थांबवलीत तर तो राहील, एवढं मी ठेकेदाराला सांगू शकतो. पण मी ती थांबवणार नाही. इतकी चांगली गोष्ट मी कशाला थांबवू? ते तुम्ही ठरवा.”

बाहेर आल्यावर हेडमास्तर कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. लादी चमकत होती. एवढंच ठेवायला ते इतक्या लांब आले होते, आणि ते रुजलंही होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हणालो, “चाचाचं बघू काहीतरी. आम्ही कोकणातले लोक मिळून…” त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

गुरुवारी शेवटच्या तासानंतर पोरं सवयीनं फडकी घ्यायला आली, तर फडकी नव्हती; ती हेडमास्तरांनी आधीच चाचाच्या स्वाधीन केली होती. हेडमास्तरांनी सगळ्यांना खाली बसवलं. ते इंग्रजीत बोलत होते, मी अरबीत सांगत होतो, आणि मागे दाराशी हसनचाचा मॉप धरून उभा होता.

“आजपासून सफाई बंद,” ते म्हणाले. पोरं चिडली. फैसल उठून म्हणाला, “सेन्सेई, आता ती आमची आहे. तुम्ही कशी बंद करता?” हे ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आहे. शिक्षकाला जे एक वाक्य ऐकायचं असतं ते हेच, आणि ते त्यांना नेमकं त्या दिवशी ऐकायला मिळालं.

ते म्हणाले, “माझ्या देशात मुलांना वाढण्याआधी मी खाऊन बघायचो. इथेही बघतो. पण ही एक गोष्ट मी न चाखता वाढली. तुम्हाला ती गोड लागली. हसनसानना काय झालं ते मी बघितलं नाही. चूक तुमची नाही, माझी आहे.” मग ते वळले आणि हसनचाचापुढे असे वाकले की डोकं गुडघ्याला लागतंय की काय. चाचा घाबरून मॉपसकट मागे सरकला.

चाचाचं खुरूज रद्द झालं. दुपारची ती पंधरा मिनिटं रिकामी झाली. पोरं रेंगाळायची आणि जायची. हेडमास्तर मात्र त्या वेळी कॉरिडॉरच्या टोकाला येऊन हात मागे बांधून उभे राहत आणि चाचाला पुसताना बघत. चाचाला भयंकर अवघडायचं. “सर, त्याला सांगा ना बसायला. मना वाटता मीच परीक्षेला बसलंय.” मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. काही दिवसांनी चाचानं स्वतःच एक तोड काढली. वर्गाच्या दारात उभा राहून, हातवारे करत पोरांना हिंदीत म्हणाला, “कुर्सी ऊपर रखो, फिर जाओ. उतना चलेगा.” पोरांनी धडाधड खुर्च्या बाकांवर उलट्या ठेवल्या. चाचानं हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी मान डोलावली. तेवढीच सवलत, आणि ती दिली हसनचाचानं.

करार संपला तेव्हा हेडमास्तरांनी वाढवून घेतला नाही. गुडघे दुखतात असं कारण दिलं. मला ते पटलं नाही. शेवटच्या दिवशी मुदीरांनी हार, केक आणि भाषण असं सगळं केलं. आचाऱ्यानं ताटली झाकून आणली आणि रडला. शेवटचा तास संपला, पोरांनी खुर्च्या वर ठेवल्या. हेडमास्तर नेहमीसारखे कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

हसनचाचा आला. हातात मॉप नव्हता. बादली होती आणि त्यात फडकी, तीच, टॉवेलांची, तिरप्या टाक्यांची. मला वाटत होतं ती त्यानं केव्हाच टाकून दिली असतील. त्यानं ती धुऊन स्टोअरच्या कुलपात ठेवली होती. एक पिळून त्यानं हेडमास्तरांपुढे धरलं.

“मेरा काम है,” चाचा म्हणाला. “आज के दिन आपको दिया.”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरज नव्हती. हेडमास्तरांनी ते फडकं दोन्ही हातांनी घेतलं, आणि लगेच खाली बसले नाहीत, आधी बादलीकडे बोट दाखवलं. चाचानं दुसरं फडकं पिळलं. मग एक सत्तरीचा आणि एक पन्नाशीचा असे दोघे लादीवर ओणवे झाले, पोरांनी भिंतीला पाठ लावून वाट दिली, आणि दोघे निघाले. चाचा दहा पावलांत लटपटला. हेडमास्तर थांबले, तो सावरेपर्यंत थांबले, आणि मग दोघे बरोबरच टोकाला पोचले. त्यानंतर पोरं आवरली नाहीत. मीसुद्धा बूट काढले. मांड्या दोन दिवस भरल्या होत्या.

जपानला गेल्यावर दर बुधवारी त्यांचा मेसेज यायचा. कसे आहात वगैरे काही नाही. नुसतं, “आज भोपळा होता.” किंवा, “आज मासा, काटे फार.” त्यांच्या बंद शाळेच्या इमारतीत आता म्हाताऱ्यांचं दिवसाचं केंद्र आहे. गावात मुलं नाहीत, म्हातारे भरपूर. तिथे काम करायला नेपाळ आणि व्हिएतनामहून पोरी आल्या आहेत. हेडमास्तर आठवड्यातून काही दिवस तिथे जायचे, त्यांच्याच जुन्या वर्गात, खिडकीशी बसायचे. एकदा लिहिलं होतं, “आता माझं जेवण दुसरं कुणी आधी चाखतं.” मी ते मेसमध्ये वाचून दाखवलं. आचारी, पोरं, चाचा, सगळे हसले.

मागच्या हिवाळ्यात एक बुधवार कोरडा गेला, मग दुसराही. शेवटी त्यांचा तो विद्यार्थी, प्रकल्पावरचा इंजिनिअर, मला भेटायला आला. हेडमास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला होता. पडून असतात, ऐकू येतं, बोलता येत नाही. त्यांची मुलगी उशाशी बसून त्यांना आलेले मेसेज वाचून दाखवते. सांगताना तो खाली बघत होता. मग म्हणाला, “माझ्या दाराबाहेर ते बसायचे, हे त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला.” मी हो म्हणालो. मला त्या क्षणी रडू आलं आणि मी ते दाबलं नाही.

आता दर बुधवारी, जेवणं उरकली की हसनचाचा वर्कशॉपच्या दाराशी येतो. आत येत नाही, कारण मी नुकतंच ऑईल सांडलेलं असतं आणि लादी त्याची असते.

“लिवलात काय म्हाताऱ्याला?”

“नाही अजून. काय लिहू?”

“लिवा, आज कोलंबी होती, भात जरा कच्चा.” मग तो मॉप दुसऱ्या हातात घेतो. “आनि लिवा, लादी मी पुसली.”

मी लिहितो.